कोटेशनमध्ये नुसतं ‘पीव्हीसी कार्ड’ लिहून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मिरजेतल्या आमच्या छपाईच्या दुकानात एका शाळेचं पत्र आलं. ‘विद्यार्थी ओळखपत्र, पीव्हीसी, दोन्ही बाजू रंगीत, नग १,१४०. कमीत कमी दर बंद पाकिटातून कळवावा.’ जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, मुख्याध्यापकांची सही होती. कार्ड कोणत्या पद्धतीनं छापून हवंय, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. अशी पत्रं दर वर्षी मे महिन्यात येतात. शाळांची, पतसंस्थांची, दवाखान्यांची, वाचनालयांची. बावीस वर्षं मी मुकाट्यानं दर पाठवत आले. या वेळी दर पाठवल्यावर आपल्यालाही लिहायला बसले आहे, कारण ही पत्रं काढणारी माणसं आपला पेपर वाचतात आणि शाळा उघडायला अजून तीन आठवडे आहेत.

पीव्हीसी म्हटलं की कार्ड पक्कं, असा सगळ्यांचा समज आहे. पण पीव्हीसी हे त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचं नाव. ती कुठूनही घ्या, एटीएम कार्डाच्याच मापाची असते, साधारण ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटर. पट्टीला काही होत नाही. जातं ते तिच्यावरचं नाव, फोटो आणि फोन नंबर. शाई पट्टीच्या वर बसलीय, आत मुरलीय, की पारदर्शक थराखाली दाबून टाकलीय, यावर कार्डाचं आयुष्य ठरतं. म्हणजेच छपाईच्या पद्धतीवर. दरपत्रकात नेमकी तीच कोणी विचारत नाही.

मला हे पुस्तकातून नाही कळलं, पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर नदीकाठची माणसं चिखलानं माखलेली कागदपत्रं घेऊन दुकानात येत होती. कुणाला सोसायटीचं सभासद कार्ड परत करून हवं होतं, कुणाला मुलाचं शाळेचं. मी काउंटरवर रद्दी पसरून ती सगळी कार्डं सुकायला मांडली, तेव्हा चार पद्धतींचा हिशेब डोळ्यांसमोर आला. कागदावर छापून गरम पाऊचमध्ये लॅमिनेशन केलेली कार्डं कडेनं पाणी पिऊन फुगली होती, काहींना आतून बुरशी धरली होती. कोटेड, म्हणजे वर लेप दिलेल्या पीव्हीसीवर साध्या इंकजेटनं छापलेली कार्डं जवळजवळ कोरी झाली होती. एका मुलीच्या फोटोच्या जागी फक्त निळसर-गुलाबी डाग उरला होता. थर्मल प्रिंटरवर काढलेल्या कार्डांचे रंग पाण्यानं गेले नव्हते, पण गाळातल्या वाळूनं वरचा थर खरवडला होता. आणि शीटवर छापून, वर ओव्हरले, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा थर घालून, उष्णतेनं एकजीव केलेली जी कार्डं होती, ती मी नळाखाली धरली, बोटानं चिखल काढला आणि माणसाच्या हातात परत दिली. तो म्हणाला, ‘वहिनी, घरातलं एवढंच शाबूत राहिलं.’

त्या चारही पद्धतींची कार्डं वेगवेगळ्या वर्षी मीच छापलेली होती. त्या वेळी गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

आता जरा या पद्धती सांगते, कारण कोटेशन काढणाऱ्या क्लार्कला किंवा शिक्षकांना त्या कुणी समजावून सांगत नाही.

सध्या गल्लोगल्ली जी ‘दोन मिनिटांत पीव्हीसी कार्ड’ची पाटी दिसते, तिथे बहुधा फोटो छापायचा इंकजेट प्रिंटर असतो. त्याला कार्डाचा ट्रे लावतात, ट्रेमध्ये कोटेड कार्डं ठेवतात. साध्या पीव्हीसीवर पाण्यातली शाई धरत नाही म्हणून कार्डावर शाई शोषणारा पातळ लेप दिलेला असतो. म्हणजे सगळी छपाई त्या लेपात. लेप घासला, घामानं भिजला, की छपाई गेली. मशीन स्वस्त, एकच कार्डसुद्धा काढून मिळतं, रंगही दिसायला छान. एखाद्या शिबिराला, आठ-पंधरा दिवसांच्या कामाला मी हेच सुचवते. वर्षभर मुलाच्या गळ्यात लोंबणाऱ्या कार्डाला मात्र हे अजिबात नको.

थर्मल प्रिंटर म्हणजे बँकेत किंवा मोठ्या ऑफिसात डब्यासारखा दिसतो तो. त्यात रिबन असते. पिवळा, गुलाबी, निळा, मग काळा आणि शेवटी पारदर्शक थर, असे पट्टे एकापुढे एक. प्रिंटरचं हेड रिबनवरून तापत जातं, रंगाची वाफ होते आणि ती पीव्हीसीच्या पृष्ठभागात मुरते. प्रत्येक ठिपक्याला उष्णता कमी-जास्त करता येते, म्हणून चेहऱ्याचा रंग स्टुडिओतल्या फोटोसारखा येतो. माणसाचा चेहरा चांगला हवा असेल तर याला तोड नाही, हे मी आजही सांगते. पण रंग मुरतो तो अगदी वरच्या वर, आणि वरचा पारदर्शक थर काही मायक्रॉनचाच असतो. त्यावर जाड लॅमिनेटची वेगळी पट्टी चढवता येते. तिचे पैसे वेगळे पडतात म्हणून कुणी घेत नाही. हेड रिबनसकट थेट कार्डावर दाबलं जातं, त्यामुळे कार्डावर धुळीचा कण असला की पांढरी रेघ किंवा ठिपका येतो, आणि तसल्या कणानं हेडच दुखावलं तर पुढच्या प्रत्येक कार्डावर त्याच जागी रेघ. बोटाचा तेलकटपणाही उमटतो. आमच्याकडे कोरी कार्डं कडेनंच धरायची, हातमोजे घालूनच, असा नियम आहे, आणि नवीन मुलगा कामाला आला की पहिला आठवडा तो एवढंच शिकतो.

याच पद्धतीची एक मोठी चूक माझ्या हातून झाली. एका बालवाडीची कार्डं मी थर्मलवर छापली, सुंदर आली. वर मऊ पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घालून, फीत लावून दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आई कव्हर आणि कार्ड वेगवेगळं घेऊन आली. कार्डावरचा चेहरा फिका पडला होता आणि तोच चेहरा, उलटा, कव्हरच्या आतल्या बाजूला उमटला होता. मऊ प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो या रंगांना ओढून घेतो, उकाड्यात जास्तच. मला हे माहीत नव्हतं. ती सगळी कार्डं मी पदरचे पैसे घालून परत करून दिली, कडक होल्डरमध्ये घालून. पण तोपर्यंत चार महिने ती तीन-चार वर्षांची मुलं जवळपास पुसलेल्या पत्त्याची कार्डं गळ्यात घालून रिक्षातून येत-जात होती. त्या आईनं माझ्याशी भांडणही केलं नाही. ‘रस्ता चुकला असता तर?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून थर्मलचं कार्ड मी मऊ कव्हरमध्ये देत नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर ऑर्डर सोडते.

तिसरी पद्धत रिट्रान्सफरची. यात चित्र आधी एका पारदर्शक फिल्मवर उलटं छापलं जातं आणि मग ती फिल्म उष्णतेनं कार्डावर चिकटवली जाते. हेड कार्डाला शिवतच नाही. म्हणून ज्या कार्डाच्या पोटात चिप आणि तारेचं वेटोळं असतं, दाराला लावलं की दार उघडणारं, त्याला हीच पद्धत बरी. अशा कार्डाचा पृष्ठभाग चिपच्या जागी किंचित वर-खाली असतो. साध्या थर्मलवर काढलं की नेमका तिथे फिका डाग येतो. रिट्रान्सफरमध्ये छपाई अगदी कडेपर्यंत जाते, पांढरी किनार राहत नाही. रिबन आणि फिल्म दोन्हींचा खर्च, त्यामुळे महाग. चिपचं कार्ड नसेल तर शाळेनं यात पैसे घालायचं कारण नाही.

आणि शीटची पद्धत, जी पुरातून वाचली ती. याचे दोन प्रकार. हजारोंच्या संख्येत एकसारखं काम असेल तर पीव्हीसीच्या मोठ्या शीटवर ऑफसेटनं, म्हणजे एकाच प्लेटवरून छापतात. प्लॅस्टिक शाई शोषत नाही म्हणून तिथे अतिनील प्रकाशात वाळणारी शाई लागते. मग ओव्हरले, उष्णता, दाब आणि शेवटी डाय कटिंग, म्हणजे साच्यानं एकेक कार्ड कापणं. आपल्या खिशातल्या एटीएम कार्डाचं मूळ चित्रही असंच थराखाली असतं. पण ऑफसेटमध्ये प्रत्येक कार्डावर वेगळं नाव, वेगळा फोटो येत नाही. त्यासाठी दुसरा प्रकार आहे. आमच्या धंद्यात ज्याला ड्रॅगन शीट म्हणतात, त्या ए-फोर मापाच्या शीटवर इंकजेटनं छापायचं, एका शीटवर दहा कार्डं, मग मधली जाड शीट, मागची शीट, वर-खाली ओव्हरले, आणि सगळा थर फ्युजिंग मशीनमध्ये दाबायचा. शाई तीच इंकजेटची, पण आता ती प्लॅस्टिकच्या पोटात गेलेली. घासायला वर काही उरतच नाही.

यातही गोम आहे. उष्णता कमी पडली किंवा घाईनं गरम असतानाच प्रेस उघडला, तर थर नीट चिकटत नाहीत आणि सहा महिन्यांत कोपऱ्यातून ओव्हरले सुटतो. शिवाय शाळेला पूर्ण कार्ड गडद निळं किंवा मरून हवं असतं. शाईचा जाड थर असला की खालची-वरची प्लॅस्टिकं एकमेकांना धरत नाहीत. मी नेहमी सांगते, पार्श्वभूमी फिकी ठेवा, कडेला मोकळी जागा सोडा. ‘मॅडम, संस्थाचालकांना गडदच आवडतं,’ असं उत्तर मिळतं. मग तेच संस्थाचालक सुटलेली कार्डं दाखवायला माणूस पाठवतात.

काळ्या रंगाबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण यात फसगत सगळ्यांत जास्त होते. थर्मलच्या रिबनमध्ये काळा पट्टा स्वतंत्र असतो आणि तो इतरांसारखा मुरणारा नसतो. तो रेझिनचा असतो, उष्णतेनं वितळून वर घट्ट बसतो, कडा धारदार येतात. पण डिझाइन करणारा सगळं एकच चित्र म्हणून सेव्ह करून पाठवतो, आणि मग प्रिंटर तोच काळा रंग पिवळा-गुलाबी-निळा एकत्र करून बनवतो. डोळ्याला काळाच दिसतो. थर्मल मशीन घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी कुपवाडच्या एका कारखान्याची २६० कार्डं अशी काढली होती, मागे हजेरीचा बारकोड. सोमवारी सकाळी गेटवरच्या मशीननं एकही कार्ड वाचलं नाही. त्या मशीनचा डोळा अवरक्त प्रकाशाचा होता, आणि त्या प्रकाशाला तीन रंगांचा काळा दिसतच नाही, कार्ड कोरंच वाटतं. कामगार रांगेत खोळंबले, पहिल्या पाळीची हजेरी वहीत लिहावी लागली. साधा लाल प्रकाशाचा स्कॅनर असता तरी मुरलेल्या रंगाच्या कडा पसरतात, बारीक रेघा जाड होतात आणि स्कॅनर अडखळतो. म्हणून बारकोड, नाव, फोन नंबर, रक्तगट हे सगळं फक्त काळ्या रेझिनमध्ये हवं. कोटेशनमध्ये हे एक वाक्य लिहायला पैसे पडत नाहीत.

आपल्या भाषेलाही हाच नियम जास्त लागू पडतो. इंग्रजीतला पत्ता सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरांत छापला तरी वाचता येतो. मराठीत तेवढ्याच जागेत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’, ‘लक्ष्मी’मधला ‘क्ष्मी’ रंगीत अक्षरांत किंवा गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत काढा, नुसता गोळा होतो. अनुस्वार भरून जातात, रफार दिसत नाही. मी आठ पॉइंटाच्या खाली मराठी छापत नाही आणि पांढरी अक्षरं तर नाहीच. त्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या याद्या युनिकोडमध्ये आणताना अर्धी अक्षरं इकडची तिकडे होतात. एका वर्षी साठ मुलांच्या नावातला रफार उडाला होता, वर्गशिक्षकांनी पडताळणीची यादी न वाचताच सही करून पाठवली होती. छपाई कुठलीही घ्या, ती यादी पालकांना घरी पाठवून तपासून घ्या. मुलाचं नाव त्याच्या आईइतकं बारकाईनं कुणीच वाचत नाही.

संपादक महोदय, यापुढचं मी जरा जास्त कळकळीनं लिहिते आहे.

थर्मलची रिबन एकदाच वापरता येते. काळ्या पट्ट्यावरून जी अक्षरं कार्डावर गेली, ती पट्ट्यावर रिकाम्या जागा म्हणून राहतात. उजेडासमोर धरली की नाव, पत्ता, फोन नंबर, रक्तगट सगळं स्वच्छ वाचता येतं. रंगांच्या पट्ट्यांवर फोटोही राहतो. रिट्रान्सफरच्या रिबनचंही तसंच. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत पोरं एक लांबच लांब चकचकीत पट्टी घेऊन धावत होती, आरास करायला म्हणून. ती माझ्याच कचऱ्यातली रिबन होती. मी पोरांच्या हातातून घेऊन पाहिली. एका मुलींच्या शाळेची रिबन. प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, ओळीनं दोनशेच्या आसपास मुली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पट्टी पसरली होती. मी ती गोळा करताना माझे हात थरथरत होते.

त्या दिवसापासून प्रत्येक वापरलेली रिबन आम्ही कागद कापायच्या मशीनवर बारीक तुकडे करून टाकतो. शाळेचं काम असेल तर शाळेच्या माणसासमोर. किती दुकानांत हे होतं, ते विचारून बघा. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची विशेष काळजी घ्यायला सांगितली आहे. शाळा मात्र मुलांची एक्सेल यादी व्हॉट्सॲपवर चार-चार छापखान्यांना पाठवतात, नुसता दर मागवण्यासाठी! दर मागायला यादी लागत नाही, नग लागतात. काम मिळालेल्याकडूनही लेखी घ्या, की काम झाल्यावर यादी आणि फोटो काढून टाकले, रिबन नष्ट केली. मी माझ्या बिलावर तसं लिहून देते.

आधार कार्डाचंही जाता जाता सांगते, कारण दिवसातून पाच जण त्यासाठी येतात. आधार प्राधिकरण स्वतः पीव्हीसी कार्ड घरपोच देतं. ती सेवा २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा ५० रुपयांत होती. त्या कार्डावर होलोग्राम, बारीक अक्षरांची छपाई, सावलीसारखा दुसरा फोटो असतो. बाजारात छापून घेतलेल्या कार्डात यातलं काही नसतं, आणि जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणानंच बाहेरून छापून घेऊ नका असं सांगितलं आहे. मी लोकांना मोबाइलवर अर्ज भरून देते आणि पाठवते. त्यात माझं गिऱ्हाईक जातं, पण कुणाच्या आधारची फाइल माझ्या संगणकावर नको.

आता त्या १,१४० कार्डांकडे येते. ही माध्यमिक शाळा आहे, पाचवी ते दहावी. आजवर दर जूनमध्ये सगळ्यांना नवं कार्ड, कारण कार्डावर ‘इयत्ता ६ वी, तुकडी ब’ आणि शैक्षणिक वर्ष छापलेलं असतं. जुनी कार्डं कुठे जातात? एका शाळेच्या मागे मी ती पालापाचोळ्याबरोबर जळताना पाहिली आहेत. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि तो धूर वर्गाच्या खिडक्यांतून आत जात होता. कार्डावर इयत्ता आणि वर्ष छापूच नका. नाव, जन्मतारीख, रक्तगट, पालकांचा नंबर आणि शाळेचा रजिस्टर नंबर एवढंच पुरे. चालू वर्षाचा छोटा स्टिकर मागे लावा. पाचवीला एक कार्ड आणि, चेहरा बदलतो म्हणून, आठवीला दुसरं. सोळा रुपयांचं इंकजेट कार्ड तीन वर्षं घेतलं तर ४८ रुपये होतात. फ्युजिंगचं कार्ड मी त्यांना २८ रुपयांना देऊ शकते आणि ते तीन वर्षं टिकतं.

११४ शीटांचं काम आहे, बारा दिवस लागतील. वर्षाच्या मध्ये नवा प्रवेश झाला किंवा कुणाचं कार्ड हरवलं, तर एकासाठी अख्खी शीट वाया घालवणं बरोबर नाही. ती सुटी कार्डं थर्मलवर काढायची, वर जाड लॅमिनेट पट्टी घालून. म्हणजे एकाच शाळेला दोन पद्धती लागतात आणि त्यात काही वावगं नाही. दवाखान्याचं गणित याहून वेगळं आहे. तिथे रोज नवा पेशंट, कार्ड जागच्या जागी हवं, फोटो नको. दवाखान्यानं नाव-पत्ता-बोधचिन्ह असलेली कार्डं ऑफसेटनं एकदाच पाच हजार छापून घ्यावीत आणि पेशंटचं नाव व नंबर नुसत्या काळ्या रिबननं टाकावेत. रंगीत रिबनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. विसर्जन मिरवणुकीच्या स्वयंसेवकांना, उरुसातल्या संगीतसभेच्या कार्यकर्त्यांना तर प्लॅस्टिकच नको. जाड कागद, चांगलं लॅमिनेशन, फीत. घाम आणि गुलालात दोन-तीन दिवस टिकलं की त्याचं काम झालं.

शाळेला मी परवा उत्तर पाठवलं. बंद पाकिटात दर घातला, आणि सोबत एका कागदावर हे सगळं थोडक्यात लिहिलं. त्यात एक विनंती केली आहे, की दर उघडण्याआधी प्रत्येक छापखान्याकडून दोन नमुना कार्डं मागवा. एक रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा, सकाळी ओल्या फडक्यानं घासा, मग नाण्याची कड फिरवा आणि कोपरा नखानं उचलून बघा. दुसरं अर्धं पुठ्ठ्यानं झाकून शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवा आणि दहा दिवसांनी पुठ्ठा काढा. झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक शिपाईसुद्धा सांगेल, त्याला छपाईतलं काही कळायची गरज नाही. माझी कार्डं यात नापास झाली तर काम दुसऱ्याला द्या, असंही लिहिलं आहे. आमच्या गच्चीवर चारही पद्धतींची एकेक कार्डं सध्या तशीच ठेवलेली आहेत, त्यातल्या इंकजेटच्या कार्डावरचा लाल रंग आज सहाव्या दिवशी केशरी झाला. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी दुकानात यावं, सोबत जुनं कार्ड आणलं तर ते कोणत्या पद्धतीचं आहे तेही सांगेन.

शाळेची पाकिटं येत्या शुक्रवारी उघडणार आहेत. मुख्याध्यापकांचा आज सकाळी फोन आला होता, नमुना कार्डं कधीपर्यंत मिळतील ते विचारत होते.

आपली विश्वासू,
एक छपाई व्यावसायिक, मिरज